सुंदर जुनी मोटार निवडताना: आधी पत्रा, मग कागद, शेवटी इंजिन

मोटारींच्या शौकिनांना सर्वांत सुंदर गाडी कोणती असे विचारले, तर काही नावे हमखास येतात. 1961 साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडलेली जॅग्वार ई-टाइप, वरच्या बाजूला उघडणाऱ्या दारांची 1954 सालची मर्सिडीज 300 एसएल, 1955 सालची सिट्रोएन डीएस आणि मार्चेल्लो गांदिनी यांनी बर्तोने कंपनीत असताना रेखाटलेली लॅम्बोर्गिनी मिउरा ही त्यांतली ठळक नावे. या यादीवर रात्र रात्र वाद घालता येतो. पण नागपुरातल्या नोकरदार किंवा छोट्या व्यावसायिक शौकिनाच्या दारात यांतली एकही गाडी उभी राहण्याची शक्यता नाही. त्याच्या आवाक्यात येतात त्या प्रीमियर पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, स्टँडर्ड हेराल्ड, कॉन्टेसा आणि पहिल्या पिढीची टाटा सिएरा. अशी गाडी कशी पारखावी, कोणते कागद पाहून सौदा करावा आणि विदर्भाच्या उन्हात ती कशी टिकवावी, हे येथे सांगायचे आहे.

माझे मत आधीच सांगतो. सुंदर गाडीचे पैसे तिच्या पत्र्यासाठी आणि कागदांसाठी मोजावेत. इंजिन बंद असले तरी हरकत नाही. पद्मिनीचे पिस्टन-रिंग, क्लच प्लेट किंवा कार्बोरेटरचा किट आजही मिळतो आणि जुन्या हाताचा मिस्त्री ते काम व्यवस्थित करतो. परंतु ज्या रेषांवर आपण भाळलो त्या रेषा बॉनेट, मडगार्ड, दारे आणि ग्रिल यांच्या पत्र्यात असतात, आणि तसा पत्रा आज नव्याने मिळणे फार कठीण. बाजारात मात्र बहुतेक जण आधी सेल्फ मारून पाहतात आणि इंजिन सुरू झाले की बयाणा देऊन मोकळे होतात.

गाडीकडे पाहावे कसे

गाडीच्या जवळ जाण्याआधी तिच्यापासून वीसेक पावले दूर उभे राहावे आणि किंचित खाली वाकून, दाराच्या हँडलच्या उंचीवरून तिच्याकडे पाहावे. चाके अंगाच्या मानाने लहान वाटतात की शोभतात, छताची रेषा मागे कशी उतरते, हेडलाइटपासून निघालेली कड शेपटापर्यंत न तुटता जाते का, या तीन गोष्टींत सौंदर्याचा बराचसा हिशेब होतो. ई-टाइप सुंदर दिसते ती तिच्या लांबलचक बॉनेटमुळे आणि मागे सरकवलेल्या छोट्या केबिनमुळे. सिट्रोएन डीएसची मागची चाके पुढच्यांपेक्षा एकमेकांच्या जवळ असल्याने ती मागे निमुळती होत गेलेली भासते. हीच नजर आपल्याकडच्या गाड्यांना लावली, तर त्यांच्यातही पाहण्यासारखे पुष्कळ सापडते.

पद्मिनीचे मूळ दान्ते जिआकोसा यांच्या हाताखाली तयार झालेल्या आणि 1953 साली आलेल्या फियाट 1100/103 या गाडीत आहे. त्याच घराण्यातली पुढची गाडी 1964 पासून मुंबईत कुर्ल्याला 1100 डिलाइट या नावाने बनू लागली आणि 1974 साली तिचे नाव पद्मिनी झाले. सरळ कंबररेषा, मागच्या मडगार्डांवरचे माशाच्या परांसारखे लहानसे कल्ले आणि पातळ खांबांमुळे भरपूर काचेचे दिसणारे केबिन हे तिचे देखणेपण आहे. तिच्याही आधीची, पुढची दारे उलट्या बाजूने उघडणारी डुक्कर फियाट बाळसेदार आणि गोजिरवाणी आहे, पण ती मिळणेच कठीण. अ‍ॅम्बेसेडर म्हणजे इंग्लंडमधली मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज 3. पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात ती थेट 2014 पर्यंत बनत राहिली. सरकारी दौऱ्यांत आणि टॅक्सीत ती इतकी दिसली की तिच्या गोलाईकडे कोणी नीट पाहिलेच नाही. स्टँडर्ड हेराल्ड ही जोव्हान्नी मिकेलॉती यांच्या हातची. 1961 पासून मद्रासमध्ये बनलेल्या या गाडीचे पुढचे सगळे तोंड, मडगार्डांसकट, एका झटक्यात पुढे कलते आणि उघडे इंजिन समोर येते. माझ्या मते भारतात बनलेली सर्वांत डौलदार गाडी हीच. कॉन्टेसाचा थाट लांब बॉनेटमध्ये आहे आणि 1991 साली आलेल्या सिएराचा थाट मागच्या बाजूला छतापर्यंत वळत गेलेल्या काचेमध्ये.

पहिलीच जुनी गाडी घेणाऱ्याने मात्र हेराल्डच्या मोहात पडू नये, कारण तिचे सुटे भाग शोधण्यातच वर्ष निघून जाते. पद्मिनी घ्यावी. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत ती 2023 पर्यंत धावत होती, त्यामुळे तिच्या भागांची बाजारपेठ आणि तिची नस ओळखणारे मिस्त्री अजून शिल्लक आहेत. दुसरा पर्याय अ‍ॅम्बेसेडरचा. सिएराच्या इंजिनाची काळजी नसते, कारण ते टाटांच्या इतर गाड्यांतही होते. पण मागची ती वळलेली काच फुटली, तर दुसरी मिळवताना घाम फुटतो.

पत्रा तपासण्याची रीत

गाडी सकाळी सात-आठच्या सुमारास, ऊन तिरपे असताना पाहावी. नागपूरच्या दुपारच्या उन्हात सगळाच पत्रा चकाकतो आणि रात्रीच्या दिव्यांखाली रंगातला फरक लपतो. गाडी शेडमध्ये असेल तर ट्यूबलाइटचा उपयोग करून घ्यावा: दाराच्या अगदी जवळ डोळा नेऊन पत्र्यात पडलेले ट्यूबचे प्रतिबिंब पाहावे आणि हळूहळू मागे सरकावे. पत्रा मूळचा असेल तर ती उजेडाची रेघ सरळ सरकत जाते. डेंटिंग करून वर लांबी (खड्डे बुजवायचा लेप) भरलेली असेल तर ती रेघ तिथे थरथरते किंवा मोडते. नंतर मऊ कापडात गुंडाळलेले लहान लोहचुंबक दारांच्या खालच्या कडेवर, चाकांवरच्या कमानींवर आणि मडगार्डांच्या टोकांवर फिरवावे. जिथे ते धरत नाही, तिथे रंगाखाली पत्रा नसून लांबीचा थर आहे.

एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडर या दोन्ही गाड्यांना वेगळी चासी, म्हणजे खालचा आधाराचा सांगाडा, नाही. तळपत्रा आणि दारांखालचे पोकळ पट्टे हेच गाडीचा भार पेलतात. हे पट्टे आतून गंजले आणि वरून नवा पत्रा ठोकून रंग मारला, तर गाडी दिसायला नवी आणि आतून लुळी असते. त्याची परीक्षा सोपी आहे. एका बाजूला जॅक लावून गाडी थोडी उचलावी आणि त्या बाजूची दारे उघडून पुन्हा लावून पाहावीत. सांगाडा धड असेल तर दार पूर्वीसारखेच लागते. तो खचलेला असेल तर दार वरच्या कोपऱ्यात घासते किंवा कुलपाच्या खाचेत बसतच नाही. ही परीक्षा घेऊ द्यायला जो मालक नकार देतो, त्याच्याशी पुढे बोलण्यात वेळ घालवू नये. हेराल्डला चासी स्वतंत्र असते. तिच्या बाबतीत खाली आडवे पडून चासीच्या आडव्या दांड्यांवर पेचकसाच्या मुठीने ठोकून आवाज ऐकावा, घट्ट खणखणीत आला तर ठीक, भदभदीत आला तर गंज आहे.

त्यानंतर पायांखालच्या रबरी मॅट उचलाव्यात, डिकीतले स्टेपनीचे चाक काढून खालचा खड्डा पाहावा, बॅटरीच्या ट्रेखाली बोट फिरवावे आणि पुढच्या काचेच्या रबराचे खालचे दोन कोपरे दाबून पाहावेत. पाणी साचते ते याच ठिकाणी. समुद्रकाठच्या शहरांच्या मानाने नागपूरची हवा कोरडी असल्याने इथे वर्षानुवर्षे राहिलेल्या गाडीचा पत्रा बऱ्याचदा चांगला निघतो, आणि मुंबईहून आणलेल्या चकाचक गाडीपेक्षा इथली फिकुटलेली गाडी मी केव्हाही पसंत करीन. मात्र 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटेचा विसर पडू देऊ नये. त्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी आसपासच्या वस्त्यांत शिरले आणि कितीतरी गाड्या बुडाल्या. त्या भागातली गाडी असेल तर सीटच्या रुळांमध्ये बारीक गाळ आहे का, हेडलाइटच्या आत पाण्याची आडवी रेघ उमटली आहे का आणि सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर त्याच्या आतल्या भागावर मातकट डाग आहे का, हे पाहिल्याशिवाय किमतीचा विषय काढू नये.

नुकताच रंग मारलेली गाडी सर्वांत संशयास्पद समजावी. मूळ रंग ओरखडलेला, उन्हाने विटलेला असला तरी तो खाली काय आहे ते खरे सांगतो. विकण्यासाठी मारलेला रंग बहुधा काहीतरी झाकण्यासाठी असतो. क्रोमच्या पट्ट्या, ग्रिल, टेललाइटच्या काचा, दारांची हँडले आणि हॉर्नची रिंग हे सगळे जागेवर आहे ना, याची यादी करून खात्री करून घ्यावी. या बारीक वस्तूंचा शोध कुर्ल्याच्या भंगार बाजारापासून दिल्लीच्या काश्मीरी गेटपर्यंत घ्यावा लागतो आणि त्यांची एकूण किंमत इंजिनच्या कामापेक्षा जास्त भरू शकते.

कागद

खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा 15 वर्षांसाठी असते. पुढे दर 5 वर्षांनी परिवहन कार्यालयात गाडीची तपासणी करून घेऊन, फॉर्म 25 भरून ती वाढवावी लागते. त्यामुळे पहिला प्रश्न असा विचारावा, की आरसीची (नोंदणी प्रमाणपत्राची) मुदत आज चालू आहे का. ती संपून अनेक वर्षे झाली असतील, तर नूतनीकरणाचे शुल्क, थकलेला पर्यावरण कर आणि दंड यांचा हिशेब परिवहन कार्यालयात जाऊन काढावा आणि तो किमतीतून वजा करून मगच आकडा बोलावा. दुसरा प्रश्न असा, की गाडीची नोंद संगणकावर आहे की फक्त हाताने लिहिलेल्या जुन्या आरसी पुस्तकात. नोंद संगणकावर नसेल तर आधी ती मूळ कार्यालयाकडून चढवून घ्यावी लागते, आणि हे काम विकणाऱ्याने करून देणे इष्ट. पैसे हातात पडल्यावर त्याचा उत्साह ओसरतो. नागपूर शहराचा एमएच-31, ग्रामीणचा एमएच-40 आणि पूर्व नागपूरचा एमएच-49 हे वेगवेगळ्या कार्यालयांचे क्रमांक आहेत, तेव्हा कोणत्या दारात जायचे ते क्रमांक पाहूनच ठरवावे.

इंजिन व चासी क्रमांक आरसीशी स्वतः ताडून पाहावेत. चासी क्रमांकावर पातळ कागद धरून वरून पेन्सिल फिरवली की अक्षरांचा ठसा उमटतो. त्यातला एखादा आकडा वेगळ्या घडणीचा, तिरपा किंवा घासलेल्या पत्र्यावर ठोकलेला दिसला तर सौदा तेथेच थांबवावा. हस्तांतरणासाठी फॉर्म 29 आणि 30 लागतात. मूळ मालक हयात नसेल, आणि जुन्या गाड्यांच्या बाबतीत हे फार वेळा घडते, तर आधी वारसाच्या नावावर फॉर्म 31 ने गाडी चढली पाहिजे. वारसांपैकी एकाच भावाच्या तोंडी शब्दावर पैसे देऊ नयेत. एखाद्या बँकेचे पन्नास वर्षांपूर्वीचे कर्ज आरसीवर नोंदलेले राहून गेलेले असते, तेही फॉर्म 35 ने उतरवून घ्यावे लागते. अगदी जुन्या गाडीबाबत आणखी एक गंमत लक्षात ठेवावी: 1956 पूर्वी नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती, त्यामुळे त्या काळात इथे घेतलेल्या गाडीची पहिली नोंद महाराष्ट्रातली नसते, आणि नोंदणी बदलत कशी आली याची सगळी साखळी हाताशी असावी लागते.

पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे पूर्ण झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी 2021 च्या नियमांनुसार विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये असून ती 10 वर्षे टिकते आणि क्रमांकात व्हीए ही अक्षरे येतात. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. ज्यांना रविवारी सकाळी सहकुटुंब फुटाळा तलावावर चक्कर मारायची आहे, त्यांनी विंटेजच्या मानापेक्षा साधी नोंदणी चालू ठेवणे अधिक सोयीचे.

इंजिन

याविषयी थोडक्यात. गाडी पाहायला जाण्याआधी मालकाला ती सुरू करून न ठेवण्यास सांगावे, कारण थंड इंजिनच खरे बोलते. सुरू होताना निळसर धूर आला तर रिंग किंवा व्हॉल्व्हचे काम आहे. रेडिएटरच्या पाण्यात तेलाचा तवंग किंवा तेलाच्या पट्टीवर दुधाळ साय दिसली तर हेड गॅस्केट गेले आहे. चालवून पाहायला सेमिनरी हिल्सचा चढ सोयीचा आहे: तिथे गाडी थांबवून हँडब्रेक ओढावा आणि मग चढावरच उचलावी, म्हणजे हँडब्रेक आणि क्लच या दोन्हींचा निकाल एकदमच लागतो. दोष निघाले तर किंमत कमी करून घ्यावी, गाडी सोडू नये.

नागपूरचे ऊन आणि आजचे पेट्रोल

मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि नवतपात तर डांबर मऊ होते. पद्मिनीच्या इंजिनाचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे आहे. ते एकदा जास्त तापले की वाकते आणि मग घासून सपाट करून घेतल्याशिवाय गॅस्केट टिकत नाही. म्हणून गाडी घेतल्यावर पहिला खर्च थंड ठेवण्याच्या व्यवस्थेवर करावा. रेडिएटर उतरवून, त्याच्या नळ्यांत सळी मारून क्षार काढून घ्यावेत, सगळे होज पाइप आणि फॅन बेल्ट बदलावेत, आणि बोअरिंगचे पाणी कधीही न घालता डिस्टिल्ड पाण्यात कूलंट मिसळून भरावे. पुष्कळ मिस्त्री इंजिन थंड राहावे म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून फेकतात. या उपायाने इंजिन थंडीत नीट तापत नाही आणि खरा दोष, म्हणजे चोंदलेला रेडिएटर, तसाच राहतो. थर्मोस्टॅट परत बसवून घ्यावा.

भर दुपारी वर्धा रोडच्या सिग्नलवर जुनी गाडी बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते, याचे कारण बहुधा पेट्रोलची वाफ हे असते. इंजिनाला चिकटून असलेला, पेट्रोल ओढणारा पंप तापला की नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ओढायला द्रव उरत नाही. डोक्याचा दुपट्टा पाण्यात भिजवून पंपावर टाकणे हा तात्पुरता उपाय जुने ड्रायव्हर करीत आले आहेत आणि तो लागू पडतो. कायमचा उपाय म्हणजे पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या पाइपापासून दूर नेणे आणि मधे पत्र्याची आड बसवणे.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबराला ते मानवत नाही. नळ्या फुगतात, पंपाचा पडदा विरघळू लागतो आणि हवेतील ओल शोषल्याने टाकीच्या तळाशी गंज धरतो. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या व पडदे बसवून घ्यावेत, कार्बोरेटरचे मिश्रण किंचित घट्ट, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल थोडे जास्त, करून घ्यावे आणि गाडी महिनोन्महिने टाकीत पेट्रोल ठेवून उभी करू नये. महागडे जादा ऑक्टेनचे पेट्रोल भरून काहीही साधत नाही, कारण या इंजिनांचे कॉम्प्रेशन मुळातच कमी आहे. अ‍ॅम्बेसेडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनाचे हेड बिडाचे (ओतीव लोखंडाचे) असते. ते बनले शिशाच्या पेट्रोलसाठी, आणि शिसेयुक्त पेट्रोल तर देशात 2000 सालीच बंद झाले. तेव्हा हेड उघडण्याची वेळ येईल तेव्हा त्यात कठीण व्हॉल्व्ह सीट बसवून घ्यावेत.

गाडी उभी करायला पक्के छप्पर हवे. कडुलिंबाची सावली मोहक असते, पण पाखरांची विष्ठा आणि चिकट थेंब रंगात खोल डाग पाडतात. प्लॅस्टिकचे कव्हर तर घालूच नये. पावसाळ्यात त्याच्याखाली वाफ कोंडते आणि इतकी वर्षे कोरड्या हवेने जपलेला पत्रा दोन पावसाळ्यांत गंजतो. सुती कव्हर घालावे आणि आठवड्यातून एकदा ते काढून गाडीला वारा लागू द्यावा.

पहिली फेरी

गाडी रस्त्यावर आणण्याआधी ब्रेकचे काम पूर्ण झाले पाहिजे: सिलिंडरचे रबर, होज पाइप आणि ऑइल, तिन्ही नवे. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली पद्मिनीसारखी गाडी आजच्या गाडीच्या अंतरात थांबत नाही, हे पायाला शिकवावे लागते. टायरवरची नक्षी शाबूत असली तरी बाजूला कोरलेले चार आकडे पाहावेत. पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे असतात. सहा-सात वर्षांपेक्षा जुना टायर उन्हाने कडक झालेला असतो, तो बदलावा. समृद्धी महामार्गावर 120 ची वेगमर्यादा आहे आणि तिथले तापलेले काँक्रीट साठ-सत्तरच्या चालीच्या गाडीसाठी नाही. पहिल्या लांब फेरीला सुमारे 50 किलोमीटरवरचे रामटेक बरे. पहाटे निघावे, वाटेत कामठीला थांबून चाकांच्या मध्यभागी हात लावून पाहावा, एखादे चाक इतरांपेक्षा गरम लागले तर त्याचा ब्रेक अडकतो आहे असे समजावे, आणि गडाचा चढ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, तापमानाच्या काट्यावर नजर ठेवून चढावा.

परत आल्यावर इंजिन निवेपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नये. रात्री गाडीखाली एक मोठा पुठ्ठा पसरून ठेवावा आणि सकाळी त्यावरचे डाग पाहावेत. इंजिनाखालचा काळपट-तपकिरी डाग तेलाचा असतो आणि तो थोडाफार चालतो. हिरवट डाग कूलंटचा, त्यासाठी होजच्या क्लिपा आवळाव्यात. पण चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, निसरडा, फिकट डाग दिसला तर ते ब्रेक ऑइल आहे, आणि मिस्त्री येऊन पाहीपर्यंत गाडी जागेवरून हलवू नये.